संक्रमण टपाल, गोवा

संक्रमण टपाल, गोवा : गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालच्या ताब्यातून भारतात आले, त्या काळातील टपाल तिकिटे, पाकिटे, पोस्टकार्डे आणि शिक्के यांच्या संग्रहाची शाखा. तिचा गाभा पाच-सहा महिन्यांचाच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली, तिथे तो सुरू होतो आणि मे १९६२ मध्ये टपाल कचेऱ्यांतील पोर्तुगीज शिक्के बंद झाले, तिथे संपतो. पण या काही महिन्यांतले टपाल ओळखायचे तर आधीची नव्वद वर्षे थोडीफार ठाऊक असावी लागतात.

या संग्रहात सुट्या तिकिटाला दुय्यम स्थान आहे. सुटे तिकीट फार तर काय छापले गेले ते सांगते. ते कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला, कोणाच्या कारभारात चालले, हे पाकीट सांगते. म्हणून पहिला नियम असा की जुन्या पत्रावरचे तिकीट भिजवून सुटे करायचे नाही. पेटाऱ्यातली पत्रे काढून मुलांनी तिकिटे पाण्यात टाकली आणि पाकिटे बंबात गेली, असे गोव्यातल्या अनेक घरांत झाले आहे. त्यातून मिळाली ती कुठेही स्वस्तात मिळणारी तिकिटे, आणि गेले ते पुन्हा न मिळणारे पुरावे.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज हिंदची पहिली तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघाली. ती गोव्यातच छापली होती : मध्ये रेईस या पोर्तुगीज चलनातील आकडा, भोवती लंबवर्तुळात टपालसेवेचे पोर्तुगीज शब्द, ना राजा ना चित्र. साचे हाताने केलेले, कागद मिळेल तो, छिद्रे वेडीवाकडी. संग्राहक त्यांना ‘नेटिव्ह’ म्हणतात. १८७७ पर्यंत साचा, कागद आणि छिद्रे यांच्या फरकाने त्यांचे इतके पोटप्रकार झाले की केवळ त्यांच्यावर आयुष्य घालवणारे संग्राहक आहेत. या तिकिटांवर पत्र पोर्तुगीज हद्दीपुरते जाई. मुंबईला किंवा बेळगावला पाठवायचे तर त्यावर ब्रिटिश हिंदचे तिकीटही लावावे लागे. म्हणजे दोन सत्तांची तिकिटे एकाच पाकिटावर, ही गोष्ट गोव्याला १९६१ च्या नव्वद वर्षे आधीपासून माहीत होती. दमणला तर ईस्ट इंडिया कंपनीचे स्वतःचे टपालघर होते आणि तिथे १८५४ ते नोव्हेंबर १८८३ या काळात ब्रिटिश हिंदची तिकिटे मिळत.

१८७७ पासून मुकुटाचे चित्र असलेली तिकिटे आली. त्यांची १८८५ आणि १९०५ मध्ये पुनर्मुद्रणे झाली असल्याने कोरी, नवी दिसणारी प्रत हाती आली तर आधी तोच संशय घ्यावा. १८८१-८२ च्या सुमारास चलन बदलले : १२ रेईसचा १ तंगा आणि १६ तंग्यांचा १ रुपिया. शिलकी तिकिटांवर नव्या किमतींचे छाप मारले गेले, आणि हे अधिमुद्रणांचे (तिकिटावर नंतर मारलेल्या छापांचे) रान इतके दाट आहे की नवशिक्याने त्यात न शिरलेलेच बरे.

राजकीय बदल तिकिटावर प्रथम उमटला तो १९१० नंतर. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. राजाचे चित्र असलेली तिकिटे फेकून देण्याऐवजी त्यांवर ‘रेपुब्लिका’ हा शब्द छापण्यात आला. काही छाप लिस्बनमध्ये उठवले, काही पुढे गोव्यात. गोव्यातले छाप कधी उलटे, कधी दुहेरी, कधी तिकिटाच्या कडेवर सरकलेले सापडतात. याच काळात कमी किमतीच्या तिकिटांचा तुटवडा पडला, म्हणून अखंड तिकिटाच्या मधोमध उभी छिद्रे पाडून दोन्ही अर्धुकांवर वेगवेगळी किंमत छापली गेली. अशी तिकिटे दोन्ही अर्धुके जोडलेली असतानाच घ्यावीत. एकटे अर्धुक पाकिटावर शिक्क्याने बांधलेले असेल, म्हणजे शिक्का तिकीट आणि पाकीट दोन्हींवर पडलेला असेल, तरच मोलाचे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. तिथे हाती आलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी छाप मारला गेला. हे छाप साध्या अक्षरांचे असल्याने बनावटगिरीला फारच सोपे आहेत. तपासणीचा दाखला नसेल तर ही तिकिटे विकत घेऊ नयेत.

पुढची सात वर्षे नाकेबंदीची. १९५५ मध्ये भारताशी राजनैतिक संबंध तुटले, कॅसलरॉकमार्गे येणारी रेल्वे थांबली. त्याच वर्षी दाबोळीचा विमानतळ आणि ‘ताइप’ ही गोव्याची विमानसेवा उभी राहिली आणि कराचीमार्गे हवाई टपाल जाऊ लागले. मुंबईच्या गोमंतकीय कुटुंबांची, फोंडा महालातील देवस्थानांच्या मुंबईस्थित महाजनांची आणि धोबी तलावच्या कुडांत (गोमंतकीयांच्या सामायिक वसतिगृहांत) राहणाऱ्या खलाशांची या काळातली पत्रे वाट वाकडी करून आलेली दिसतात. पाकिटाच्या मागचे मधल्या ठिकाणांचे शिक्के वाचले की ती वाट कळते. हा भाग अजून पुरेसा अभ्यासलेला नाही आणि पाकिटेही तुलनेने स्वस्त आहेत, म्हणून थोड्या पैशात चांगले काम करायचे असेल त्याने इथूनच सुरुवात करावी.

१९५९ च्या आरंभी चलन पुन्हा बदलले. रुपिया जाऊन एस्कुद आला, १ रुपियाला ६ एस्कुद या दराने. एस्कुदचे १०० सेंताव, म्हणजे १ तंगा साडेसदतीस सेंतावांचा झाला. आधी जुन्या तिकिटांवर सेंताव-एस्कुदचे छाप आले. मग त्याच वर्षी पोर्तुगीज हिंदच्या जुन्या नाण्यांची चित्रे असलेली नवी मालिका निघाली. २५ जून १९६० चे नाविक राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या स्मृतिवर्षाचे तिकीट हे गोव्यात विकले गेलेले शेवटचे नवे पोर्तुगीज तिकीट. संक्रमणाच्या पाकिटांवर प्रामुख्याने नाण्यांची मालिका आणि हेन्रीचे तिकीट भेटते, म्हणून ही दोन्ही चांगली ओळखीची असावीत.

डिसेंबर १९६१ ते मे १९६२

या काळाच्या तारखा पाठ असणे हेच संग्राहकाचे मुख्य हत्यार. भारताची तिकिटे २९ डिसेंबर १९६१ पासून गोव्यात चालू झाली. पोर्तुगीज तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत स्वीकारली गेली. दोन्ही देशांची तिकिटे एकाच पत्रावर लावायला २२ डिसेंबर १९६१ ते ४ जानेवारी १९६२ या काळात मोकळीक होती. पोर्तुगीज शिक्के मात्र मे १९६२ पर्यंत वापरात राहिले.

यावरून चार प्रकार पडतात. पहिला, १९ डिसेंबरनंतरच्या तारखेचे, पण फक्त पोर्तुगीज तिकीट असलेले पत्र. दुसरा, दुहेरी तिकिटांचे पत्र. तिसरा, भारताचे तिकीट आणि त्यावर पोर्तुगीज शिक्का. चौथा, भारतीय लष्कराच्या फील्ड पोस्ट ऑफिसांतून गेलेले सैनिकांचे टपाल. युद्धकैद्यांची पत्रे हा वेगळा उपविभाग आहे. शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत गोव्यातल्याच छावण्यांत होते आणि तिथून त्यांनी घरी लिहिलेली पत्रे पोर्तुगालच्या बाजारात अधूनमधून निघतात.

सर्वांत मागणी दुहेरी तिकिटांना आहे आणि सर्वांत जास्त फसगतही तिथेच होते. २२ ते २८ डिसेंबर या आठवड्यातील दुहेरी पाकिटाकडे दुप्पट सावधपणे पाहावे, कारण भारताची तिकिटे गोव्यात रीतसर चालू होण्याच्या आधीची ही तारीख आहे. ते तिकीट गोव्यात कसे पोहोचले याचे पटण्याजोगे उत्तर पाकिटावरच मिळाले पाहिजे : पाठवणारा कोण, पत्ता कुठला, पोचल्याचा शिक्का कोणत्या तारखेचा.

दुहेरी पाकिटांतली पुष्कळ पाकिटे संग्राहकांनीच मुद्दाम तयार करून पाठवलेली आहेत. ती खोटी नव्हेत, टपालातून खरोखर गेलेली आहेत, पण त्यांना व्यवहारातल्या पत्राची किंमत देऊ नये. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. तिकिटांची रक्कम गरजेपेक्षा फार जास्त असते. भारतांतर्गत साध्या पत्राचा दर तेव्हा १५ नवे पैसे होता, आणि इथे मालिकेतली पाच-सात तिकिटे ओळीने लावलेली दिसतात. पत्ता टंकलिखित किंवा रबरी शिक्क्याचा, पाकीट आत कागद नसल्यासारखे सपाट, आणि एकाच पत्त्यावर लागोपाठच्या दिवशी गेलेली अनेक भावंडे बाजारात फिरत असतात. याउलट वाण्याच्या दुकानातले मागणीपत्र, वकिलाची नोटीस, मुंबईच्या भावाला आलेले देवनागरीतले पोस्टकार्ड ही खरी दौलत. त्यांची अवस्था मळकी असली, कोपरा दुमडलेला असला, तरी घ्यावीत.

तिसरा प्रकार, म्हणजे भारताचे तिकीट आणि पोर्तुगीज शिक्का, सुरुवातीला उत्तम. त्याचा काळ जवळजवळ पाच महिन्यांचा असल्याने पाकिटे मिळतात, आणि दर गावाचा शेवटचा पोर्तुगीज शिक्का कोणत्या तारखेचा, हे शोधण्याचे काम अजून शिल्लक आहे. तिकिटे बहुधा भारताच्या नकाशाच्या मालिकेतील, ‘नये पैसे’ लिहिलेली असतात. १९५७ च्या पहिल्या छपाईत ताऱ्यांचे जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) आणि १९५८ नंतर अशोकस्तंभाचे जलचिन्ह असते. १९६१ मध्ये दोन्ही भेटू शकतात, पण दुसरे जास्त अपेक्षित. १९६५ पासूनच्या नव्या मालिकेतील तिकीट अशा पाकिटावर असेल तर ते बनावट, पुढे तपासायची गरजच नाही.

शिक्क्यावरची गावे ओळखता आली पाहिजेत. ‘नोवा गोवा’ म्हणजे पणजी. मडगाव, म्हापसा आणि फोंडा पोर्तुगीज लेखनातही सहज कळतात. घोटाळा होतो तो बिशोलीं (डिचोली), सांकेलीं (साखळी), पेर्नें (पेडणे), केपें (केपे), सांगें (सांगे) यांचा. अक्षरांवरच्या लहरी आणि खुणा झिजून गेलेल्या असतात, शिवाय अर्धाच शिक्का तिकिटावर उठलेला असतो. तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असते. अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या सूचीत दिवस-महिन्याची अदलाबदल होऊन ४ जानेवारी हा १ एप्रिल झालेला आढळतो. दीव आणि दमणची कार्यालये थोडी, म्हणून तिथली पाकिटे दुर्मीळ आणि महाग.

पोर्तुगालने सत्ता गेल्यावरही पोर्तुगीज हिंदच्या नावाने काही तिकिटे लिस्बनमध्ये विकली. त्यांत खेळांची चित्रे असलेली मालिका प्रसिद्ध आहे. ही तिकिटे गोव्याच्या एकाही टपालघरात विकली गेली नाहीत. राजकीय दस्तऐवज म्हणून संग्रहात एक संच जरूर असावा, कारण पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. पण त्यांवर गोव्यातल्या गावाचा शिक्का दिसला तर तो बनावट समजावा.

पाकीट तपासण्याची रीत

साहित्य थोडकेच लागते : दहा पट मोठे दाखवणारे भिंग, टोके गोल असलेला चिमटा, छिद्रमापक पट्टी, जलचिन्हासाठी काळी तबकडी आणि अतिनील किरणांचा लहान दिवा. छिद्रे दोन सेंटिमीटरमध्ये किती, या मापाने मोजतात.

पाकीट हाती आले की आधी मागची बाजू पाहावी. पोचल्याचा शिक्का असेल तर निघाल्याच्या तारखेशी त्याचा मेळ बसतो का ते मोजावे. मग शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली आहे का ते भिंगाखाली बघावे. तिकिटाच्या कडेशी रेघ किंचित तुटते, कारण तिथे कागदाची पातळी बदलते. ती अगदी अखंड, गुळगुळीत दिसली तर रेघ नंतर पेनाने पुरी केल्याचा संशय घ्यावा. दुहेरी पाकिटावर दोन्ही देशांची तिकिटे शिक्क्याने बांधलेली हवीत. नेहमीची लबाडी अशी की अस्सल पोर्तुगीज पाकिटावर नंतर एक भारतीय तिकीट चिकटवून त्यावर शिक्क्याचा तुकडा रंगवलेला असतो. अशा वेळी दोन शिक्क्यांची शाई तिरप्या उजेडात ताडून पाहावी. पाकिटाचा कागद चिकटवलेल्या तिकिटाखाली बाकीपेक्षा फिकट राहतो. तिकीट नंतर लावलेले असेल तर कडेपर्यंत काळवंडलेल्या कागदात तो फरक नसतो.

अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरा झगमगणारा कागद म्हणजे त्यात उजळक (कागद पांढरा दिसावा म्हणून घालायचे रसायन) मिसळलेले. असे कागद १९६१ मध्येही होते, म्हणून तेवढ्यावरून पाकीट बाद करू नये. पण पोर्तुगीज तिकिटामागचा गोंद आणि भारतीय तिकिटामागचा गोंद एकाच तऱ्हेने चमकत असेल तर कोणीतरी दोन्ही तिकिटे पुन्हा चिकटवल्याचा संशय घ्यावा.

अधिमुद्रित तिकिटांसाठी एक चाचणी पक्की आहे : छाप शिक्क्याच्या वर आहे की खाली. खरा छाप टपालघरात येण्याआधी उठलेला, म्हणून शिक्क्याची शाई त्याच्यावर असली पाहिजे. छाप शिक्क्यावर चढलेला दिसला तर वापरलेल्या स्वस्त तिकिटावर तो घरी मारलेला आहे.

गोंद नसलेले कोरे तिकीट पाहून अनेकजण ते धुतलेले समजतात. पोर्तुगीज वसाहतींची बरीच तिकिटे दमट हवेत चिकटू नयेत म्हणून मुळात गोंदाविनाच निघाली होती. तिथे गोंद नसणे दोष नाही, असणेच विचारात पाडणारे. तिकिटांच्या सूचीत (कॅटलॉगमध्ये) त्या त्या अंकाला काय लिहिले आहे ते पाहूनच ठरवावे.

गोव्याच्या हवेत जपणूक

मृगापासून हस्तापर्यंत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. त्यामुळे तिकिटाचा गोंद विरघळून पान चिकटते, आणि कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. हे ठिपके एका पानावरून दुसऱ्यावर पसरतात. ठिपके पडलेले पाकीट ताबडतोब वेगळे काढावे. रसायनाने धुण्याच्या फंदात पडू नये, कारण शिक्क्याची शाईही त्याबरोबर जाते आणि ती गेली की पाकिटात काही उरत नाही.

अल्बम कपाटात उभे ठेवावेत. एकावर एक रचले की खालच्या पानांना दाब बसतो आणि पावसाळ्यात ती जुळून येतात. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. चिरा पाणी धरतो आणि ओल लाकडातून आत येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पाहाव्यात. रंग बदललेल्या पुड्या मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या टाळाव्यात. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडून पाकिटाला चिकटते. पाकिटांसाठी पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी घ्यावी. बाजारातले मऊ, वास येणारे प्लास्टिक पीव्हीसीचे असते आणि ते काही वर्षांत शाई ओढून घेते. सेलोटेप तर कधीच नको. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की एखाद्या सकाळी सावलीत सगळे अल्बम उघडून पाने मोकळी करावीत आणि कसर लागली आहे का ते बघावे.

सुटी, नेहमीची तिकिटे भिजवायचीच असतील तर साध्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटे पुरतात. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात टाकावेत, नाहीतर त्यांचा रंग सगळ्यांना लागतो. निघालेले तिकीट टिपकागदावर पालथे वाळवून मग जाड पुस्तकात दिवसभर दाबावे. आषाढात तीन दिवस लागतील. १८७१ ची ‘नेटिव्ह’ तिकिटे आणि हाताने उठवलेले छाप असलेली तिकिटे पाण्यात घालू नयेत.

नोंदी आणि मांडणी

प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवाव्यात, आणि सोबत निघाल्याचे गाव व तारीख, पोचल्याचे गाव व तारीख, तिकिटांची एकूण रक्कम, अपेक्षित दर, आणि पाकीट कोणत्या तालुक्यातल्या घरातून मिळाले हे लिहावे. नोंद पाकिटावर पेनाने करू नये. मऊ पेन्सिलनेही फक्त मागच्या कोपऱ्यात. पत्रातला मजकूर घरच्यांचा असतो, तो दाखवण्यापूर्वी त्यांना विचारावे.

प्रदर्शनाची एक चौकट सोळा पानांची असते. गोव्याच्या संक्रमणाला ती पुरते : पहिली दोन पाने नाण्यांची मालिका आणि हेन्रीचे तिकीट, चार पाने ५ जानेवारीपर्यंतची पोर्तुगीज व दुहेरी तिकिटांची पाकिटे, सहा पाने पोर्तुगीज शिक्क्यांखालची भारतीय नकाशा-तिकिटे तालुक्यांच्या क्रमाने, दोन पाने लष्करी टपाल आणि युद्धकैदी, एक पान लिस्बनमध्येच राहिलेली तिकिटे, आणि शेवटचे पान नव्या भारतीय शिक्क्यांचे. दुहेरी तिकिटांची चार पाने भरायला सर्वांत जास्त वेळ आणि पैसा लागतो, म्हणून ती रिकामी ठेवून तालुक्यांची सहा पाने आधी पुरी करावीत. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे शिक्के एकत्र आले की दुहेरी पाकिटांवरच्या खोट्या शिक्क्यांतला अक्षरांचा आणि कड्यांचा फरक ताडून पाहायला घरचेच नमुने हाताशी असतात.